कोणतं गाणं ऐकलं की तुम्हाला लहानपणीची मे महिन्याची सुट्टी आठवते?

एकच सांगायचं म्हणजे पंचाईत आहे. माझ्या डोक्यात तीन-चार एकदमच सुरू होतात. आणि गंमत अशी की त्यातल्या एकातही उन्हाळा नाही. एक आगगाडीचं, दोन पावसाची, एक होडीचं. तरी कुठेही कानावर पडली की मला रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, आंबूस वास येतो, त्याला काय करणार!

आम्ही परळचे. आईचं माहेर कुडाळ तालुक्यात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतोय. एक मेला निकाल लागला की लगेच परळ डेपोतून रातराणी धरायची. चाकरमान्यांची ही गर्दी, जादा गाड्या सोडूनही पुरायच्या नाहीत, आणि आमच्या नशिबी हमखास मागच्या चाकावरची सीट. गाडी हलली रे हलली की आम्ही भावंडं ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ सुरू करायचो. गदिमांचे शब्द, आशाबाईंचा आवाज. आता बघा, ज्या मामाच्या गावाला आम्ही निघालो होतो तिथे आगगाडी जातच नव्हती. रोह्याच्या पुढे रूळ नव्हते. कोकण रेल्वे सबंध सुरू झाली ती जानेवारी १९९८मध्ये, तोवर मी नोकरीला लागलो होतो. धुराच्या रेषा होत्या, नाही असं नाही, पण त्या लाल डब्याच्या मागून निघणाऱ्या. कशेडी घाटाची वळणं लागली की गाणं बंद, लिंबू हुंगणं चालू.

गाण्यातला मामा तालेवार, मामी रोज शिकरण करणारी. आमच्या मामीकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी. गुलाबजाम आम्ही गाण्यातच खाल्ले. तक्रार मात्र कुणी कधी केल्याचं आठवत नाही, कारण पेजेनंतर झाडावर जाऊन काय वाटेल ते खायची मुभा होती.

दुपारचं आमचं काम ठरलेलं असायचं: साठं राखणं. शहरातल्या दुकानात ‘आंबापोळी’ म्हणून मिळते ना, ती. हापूसला कोण हात लावू देणार, तो पेटीत भरून मुंबईला जायचा. साठं व्हायची रायवळ आंब्यांची. मामी मोठ्या टोपात आंबे पिळायची, कोपरापर्यंत हात पिवळा. ताटांना तुपाचा हात लावून त्यावर रसाचा पातळ थर ओतायचा आणि ताटं खळ्यात, म्हणजे अंगणात, बाजल्यावर कडक उन्हात मांडायची. दुसऱ्या दिवशी त्याच थरावर दुसरा थर, मग तिसरा. असं करत करत कडा आपोआप सुटायला लागल्या की सुरीने सोडवून पोळी उलटायची. मुंग्या चढू नयेत म्हणून बाजल्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत. कावळ्यांसाठी मात्र आम्ही. पडवीच्या सावलीत काठी घेऊन बसायचं आणि वेळ जात नाही म्हणून गाण्याच्या भेंड्या. भेंड्या रंगल्या की राखणदारीचा विसर पडायचा आणि आतून मामीचा आवाज यायचा, “मेल्यांनू, गाणी कसली म्हणतास, कावळो साठार बसलो बघा!”

त्या भेंड्यांत ‘न’ आला की ‘नाच रे मोरा’ ठरलेलं. हेही गदिमांचं आणि आशाबाईंचंच, १९५३च्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं, चाल पु. लं.ची. मोर नाचतो तो आंब्याच्या वनात, म्हणून आम्हाला ते हक्काने आमच्याच बागेचं वाटायचं. गदिमा मूळचे माणदेशातल्या माडगुळ्याचे, म्हणजे पावसाची वाट बघण्यात हयात जाणाऱ्या मुलखातले. त्या गाण्यातला पाऊस इतक्या लाडाने येतो त्याचं कारण मला हेच वाटतं. कोकणातला माणूस पावसाला असा नाच करून बोलावणार नाही. तो आधी कौलं चाळून घेईल.

‘स’वर ‘सांग सांग भोलानाथ’. हे पाडगांवकरांचं, आणि पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, असा मामाचा अभिमान. त्यातला मुलगा नंदीबैलाला विचारतो की पाऊस पडून शाळेभोवती तळं साचेल का, सुट्टी मिळेल का. आणि आम्ही हे भर सुट्टीत, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, बेंबीच्या देठापासून ओरडायचो. मेअखेरीला एखाद्या दुपारी खरंच अंधारून यायचं. वळवाचा पहिला टपोरा थेंब पडला की घरातलं झाडून सगळं माणूस खळ्यात. साठांची ताटं, आमसुलं, कुळीथ, आठळ्या, पापड, सगळं दोन हातांनी आत. “तुमीच बोलवलास त्येका,” मामी आमच्यावर डाफरायची.

चौथं गाणं आमचं नव्हे, आईचं. ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’. गदिमांनीच लिहिलेलं हे गाणं ज्या सिनेमात आहे त्याचं नाव ‘वैशाख वणवा’! चला, निदान नावात तरी ऊन सापडलं. आमच्यासाठी जे मामाचं गाव, ते तिचं माहेर, हे तेव्हा डोक्यातही यायचं नाही. एवढं दिसायचं की मुंबईत पाच वाजता उठून पाणी भरणारी आई इथे दुपारची चक्क झोपते, आणि झोपून उठली की आजी तिच्या डोक्याला तेल लावते. बाबा सातारकडचे. ते शेवटच्या आठवड्यात आम्हाला न्यायला यायचे आणि मासे बघून तोंड वाकडं करायचे. मग मावश्या मुद्दाम त्यांच्या समोरच ते गाणं धरायच्या, ‘घोवाला कोकण दाखवा’वर जरा जास्तच जोर देऊन. घोव म्हणजे नवरा. बाबा ताटातला बांगडा बाजूला सारून म्हणायचे, बघितलं की कोकण, आता आमटी वाढा.

मृग लागायच्या सुमारास परत यायचो. सामानात साठांची गुंडाळी, आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली आणि फणस. फणसाचं तिकीट काढायचं की नाही यावर कंडक्टरशी दरवर्षी वाद.

तर एकच निवडा म्हणाल तर ‘भोलानाथ’. सुट्टीत बसून आणखी सुट्टी मागणारी आमच्याइतकी हावरी पोरं दुसरी कुठे असतील असं वाटत नाही. ऐकायचं झालं तर मीना खडीकरांच्या चालीतलं जुनं, मुलांच्या आवाजातलंच शोधा. हल्ली त्याला धाडधाड ठेका लावून कार्टूनसकट जे फिरवतात, ते आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर मे महिन्यात येतं, आणि मी न ऐकताच पुढे सरकवतो.