वाचकांचे प्रश्न : निळा रंग गेला कुठे?

प्रश्न : ‘स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर’ या मातीतल्या जिवाणूवर यूव्हीचा मारा केला. एक कॉलनी गुळगुळीत टकली निघाली, निळं प्रतिजैविकही दिसेना. त्याची जनुकं बिघडली असं समजायचं का?

उत्तर : इतक्यात नको. ते निळं म्हणजे अ‍ॅक्टिनोरोडिन, आणि ते लिटमससारखं वागतं : आम्लात लाल, अल्कलीत निळं. प्लेट उलटी धरून झाकणात अमोनियाचे दोन थेंब टाका. कॉलनीभोवतीची लाली निळी झाली, तर माध्यम आंबट झालं होतं, एवढंच. (पिवळट झाली तर ती लाली अनडेसिलप्रोडिजिओसिनची.)

काहीच दिसलं नाही, तर मग जनुकांकडे वळा. अ‍ॅक्टिनोरोडिनची वीसेक जनुकं गुणसूत्रावर एकाला एक लागून आहेत. मालपार्टिडा आणि हॉपवूड यांनी 1984 मध्ये तो अख्खा पट्टा क्लोन केला. बिघाड तिथे असता तर फक्त निळं गेलं असतं, पांढरी लव आणि करडे बीजाणू राहिले असते. तुमच्याकडे दोन्ही गेलंय, म्हणून पहिला संशय ‘बीएलडी-ए’वर. टीटीए हा कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीचा तीन अक्षरी डीएनए-शब्द) वाचणारा टीआरएनए (शब्द वाचून अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) हे जनुक बनवतं. या जिवाणूच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं 72 टक्के, त्यामुळे टीटीए दुर्मीळच. पण नेमका एक टीटीए त्या पट्ट्याचा स्विच असलेल्या जनुकात बसलाय. वाचणारा नाही, म्हणून स्विच बंद. बाकीची जनुकं धडधाकट.

किमान माध्यमात ग्लुकोजऐवजी मॅनिटॉल घाला. लव परत आली आणि निळं आलं नाही, तर संशय बळावतो. मग चांगलं ‘बीएलडी-ए’ प्लाझ्मिडवरून (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) आत सोडा. दोन्ही परतले की निकाल लागला.

प्रश्न : ते प्लाझ्मिडच आत जात नाही. एकही कॉलनी येत नाही.

उत्तर : नेहमीच्या ई. कोलायमधून (प्लाझ्मिड वाढवायला वापरतात तो जिवाणू) काढलेल्या डीएनएवर मेथिल ही रासायनिक खूण लागलेली असते. सीलिकलर तो कापून टाकतो. प्लाझ्मिड ईटी12567 या मेथिल न लावणाऱ्या वाणात, पीयूझेड8002 या प्लाझ्मिड पुढे ढकलणाऱ्या मदतनीस प्लाझ्मिडसोबत ठेवा. सीलिकलरचे सुमारे दहा कोटी बीजाणू टू-वायटी या पोषक द्रावणात 50 अंशांवर 10 मिनिटं तापवा आणि गार झाल्यावरच त्या ई. कोलायमध्ये मिसळा. त्याआधी ई. कोलाय दोनदा धुवा, नाहीतर त्यांच्यासोबतची अँटिबायोटिक्स बीजाणूंना मारतात. मिश्रण सोया-मॅनिटॉल अगारवर पसरा; त्यात 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड हवंच. 30 अंशांवर 16 ते 20 तासांनी 1 मिलि पाण्यात अर्धा मिलिग्रॅम नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड (ई. कोलाय मारायला) आणि 1 मिलिग्रॅम अ‍ॅप्रामायसिन वरून पसरा (प्लाझ्मिडवर अ‍ॅप्रामायसिनचं जनुक आहे असं धरून). उशीर केलात तर प्लाझ्मिड न मिळालेल्या बीजाणूंचा गालिचा आधीच उगवतो. आणि सोयापिठाचा अगार दोनदा ऑटोक्लेव्ह करा.