बेळगाव भागात ब्लूबेरी महाग पडते. घरच्या आहारासाठी इथलीच कोणती फळे घ्यावीत?

आपण विचारले आहे की, बेरी वर्गातील फळे मुलांना द्यावीत असे सगळीकडे वाचायला मिळते, पण बेळगावात ब्लूबेरीची डबी परवडत नाही. घरात दोन लहान मुले आणि मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत, तर स्थानिक फळांवर भागेल का? माझ्या मते केवळ भागेल असे नव्हे, तर तेच अधिक शहाणपणाचे ठरेल.

ब्लूबेरीचे एवढे कौतुक होते ते मुख्यतः तिच्यातील अँथोसायनिन या गडद रंगद्रव्यामुळे, आणि जांभळाची साल किंवा पिकलेले करवंद ज्याने जीभ रंगवते तेही याच जातीचे द्रव्य आहे. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडचे रान आपल्या उशाला असताना परदेशातून शीतपेटीत येणाऱ्या फळासाठी जीव टाकण्याचे कारण मला दिसत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत करवंदे, मागोमाग जांभळे, थंडीत आवळे आणि संक्रांतीच्या सुमारास बोरे असा क्रम धरला, तर वर्षाचा बराच भाग निघतो. उन्हाळ्यात पांढरी तोरणे मिळाली तर तीही अवश्य घ्यावीत, कारण शहरातल्या मुलांना त्यांची चवच ठाऊक नसते. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी येते, तीही चांगली. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. मात्र या बाबतीत आवळ्याची बरोबरी ती करू शकत नाही.

करवंदांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण घरोघरी नेमका त्यांचाच कंटाळा केला जातो. खानापूर तालुक्यातील बायका बुट्ट्या घेऊन बाजारात बसतात, तेव्हा काळी कुळकुळीत, टणक आणि देठाशी न फुटलेली फळे पाहून घ्यावीत. फळ तोडले की देठातून पांढरा चीक येतो आणि तो ओठांना चिकटतो. म्हणून घरी आणल्यावर देठ काढून करवंदे थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावीत आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावीत. मुले खायला कुरकुर करत असतील तर त्यांना ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला शिकवावे: करवंद फोडण्याआधी ओळखायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरट निघाले तर कोंबडी. या नादात वाटीभर करवंदे कधी संपतात ते आईलाही कळत नाही. हिरव्या, कच्च्या करवंदांची हिरवी मिरची, ओले खोबरे आणि किंचित गूळ घालून केलेली चटणी नाचणीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. शिवाय आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे धान्य आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे अशी फळे जेवणाबरोबरच घेण्यात फायदा आहे.

सासूबाईंसाठी जांभूळ चालेल, पण त्याचा अर्थ ते औषध आहे असा घेऊ नये. १०० ग्रॅम जांभळांत साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतातच, म्हणून मूठभर जांभळे चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी खावीत, बिस्किटांनंतर नव्हे. बियांच्या चूर्णाचा आपल्याकडे फार बोलबाला आहे. साखर कमी करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये आणि चूर्णाच्या भरवशावर गोळी तर मुळीच थांबवू नये.

फळ नेहमी अख्खे खावे, गाळून प्यायचे सरबत किंवा साखरेत शिजवलेला जॅम यांना फळाच्या हिशेबात धरू नये. जॅममध्ये बहुतेक वेळा फळाच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते आणि शिजवताना क जीवनसत्त्वही घटते. मुरांबा, जॅम हे गोड पदार्थ म्हणून अधूनमधून खावेत, त्यात वावगे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सुचवते. त्यात रानमेव्याची एक वाटी बसवणे अवघड नाही, परंतु केवळ करवंदे खाल्ली म्हणून पालेभाजीतून सुटका होत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

धाकटे मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर जांभूळ आणि बोर यांची बी काढूनच द्यावी, कारण ती घशात अडकू शकते. रानात गेलात तर ओळखीचे फळच तोडावे. गुंजेचे लाल-काळे बी दिसायला मोहक पण विषारी असते, आणि मुलांचा हात नेमका तिकडेच जातो. जांभळे पावसाचे पाणी लागल्यावर लवकर नासतात व त्यांत किडे पडतात, त्यामुळे ती थोडी थोडी आणावीत. जास्त आली तर बिया काढून गर लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. पुढे दह्यात घालून, साखर न मिसळता, तो काही महिने वापरता येतो.