नवजात बाळाच्या काविळीमुळे मेंदूला इजा होते का?

होऊ शकते, पण फार क्वचित, आणि वेळेत उपचार झाले तर टळते.

निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी पडतातच. रक्तातल्या लाल पेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि बाळाचं कोवळं यकृत ते लगेच बाहेर टाकू शकत नाही. ते फारच वाढलं तर मेंदूत शिरतं, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या आणि ऐकण्याच्या केंद्रांना कायमची इजा करतं. याला कर्निक्टेरस म्हणतात. अशा मुलांचे हातपाय पुढे आपोआप वळवळत राहतात, ऐकू कमी येतं. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ, तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, बाळ सुस्त, दूध ओढत नाही, किंचाळल्यासारखं रडतं, मान मागे ताणतं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

कोवळ्या उन्हात धरणं हा उपचार नव्हे. निळ्या प्रकाशाखाली ठेवतात (फोटोथेरपी), बिलिरुबिन अगदीच वाढलं तर रक्त बदलतात. सावळ्या बाळाचा पिवळेपणा डोळ्यांना फसवतो. रक्त तपासूनच घ्या.

आणि हो, आजीच्या ट्रंकेतली दुपटी डांबरगोळ्यांच्या वासाची असतील तर वापरू नका. जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) जन्मतःच कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटू शकतात.