त्याच्या नावाने ट्रस्ट काढू का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा गेल्या वर्षी गेला. २६ वर्षांचा होता, पुण्यात पेठेत राहून एमपीएससी करत होता. त्याने आत्महत्या केली. हा शब्द मी आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण घरात सगळे ‘अ‍ॅक्सिडेंट झाला’ असंच सांगतात. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्याच्यासाठी बाजूला ठेवलेले चार लाख रुपये तसेच आहेत, त्यातून त्याच्या नावाने ट्रस्ट काढावा, अशा मुलांसाठी हेल्पलाइन सुरू करावी असं डोक्यात बसलंय, रात्री झोप येत नाही तेव्हा वहीत त्याचीच नियमावली लिहीत बसते. मिस्टर काहीच बोलत नाहीत, दर रविवारी त्याची बाईक धुतात, पुसतात आणि परत कव्हर घालून ठेवतात. मी दर ८४ दिवसांनी त्याचा मोबाईल रिचार्ज करते, हे कुणालाच माहीत नाही. करू का मी हे काम?
— एक आई, सातारा

उत्तर: तुम्हालाही मी ताईच म्हणते. पत्र दोनदा वाचलं, रिचार्जच्या ओळीशी दोन्ही वेळा थांबले.

काम करा, पण ट्रस्ट आत्ता नको. चार लाख कमी पडतील हा भाग आहेच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संस्था काढली की काम बाजूला राहतं आणि कागदच सुरू होतात. सोसायटी म्हणून नोंदवायची तर सात माणसं गोळा करा, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात खेटे घाला, दरवर्षी ऑडिट, एक विश्वस्त बदलला की तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट. आणि समजा दोन वर्षांत ते बंद पडलं तर तुम्हाला वाटणार की तो दुसऱ्यांदा गेला. एवढं ओझं त्याच्या नावावर कशाला?

हेल्पलाइनचंही तसंच. पलीकडचं पोर रात्री तीन वाजता रडत असेल तेव्हा फोन उचलायला शिकलेली माणसं लागतात, तीही पाळीपाळीने, आणि खरं सांगू का, तुम्ही स्वतः अजून त्या फोनपाशी बसायच्या अवस्थेत नाही. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पण अभ्यासिकेत चौदा-चौदा तास बसणाऱ्या किती मुलांना तो नंबर माहितीये? इथे तुमचं काम आहे बघा. अभ्यासिका, मेस, चहाची टपरी, कॉट बेसिसची रूम, ही सगळी वाट तुमच्या मुलाच्या पायाखालची होती. मेसवाल्या काकूंना जाऊन भेटा, ‘कुणी दोन दिवस जेवायला आलं नाही तर एक फोन करा’ एवढंच सांगा. मुलाचं ताट कधी बंद झालं हे आपल्याआधी त्यांना कळतं हो.

घरातल्या दुःखातून उभ्या राहिलेल्या कामाचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. डॉ. जगन्नाथ वाणी, मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार होता. त्यांनी ते लपवून ठेवलं नाही, आधी तिकडच्या अशाच कुटुंबांबरोबर काम केलं आणि मग पुण्यात ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) ही संस्था उभी केली, जिथे पेशंटइतकंच घरच्यांकडेही बघतात. आधी तुमच्यासारखीच चार घरं शोधा, जिथलं कुणी असं गेलंय. नुसतं चहाला बसा. ‘अ‍ॅक्सिडेंट’ न म्हणता बोलता येईल अशी एक जागा झाली तरी खूप झालं.

लोकांसमोर बोलायची वेळ येईल तेव्हा दोन पथ्यं पाळा. कसं केलं ते कधीच सांगू नका, कितीही खोदून विचारलं तरी. आणि ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ असं एका वाक्यात त्याचं आयुष्य गुंडाळू नका, ते खरंही नसतं आणि ऐकणाऱ्या नापास पोराला तो रस्ता वाटतो. पोलिसांच्या भीतीने बोलत नसाल तर तेही जुनं झालंय, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला प्रचंड ताणाखाली असलेला माणूस मानलंय, तो कायदा २०१८ पासून लागू आहे. नातेवाइकांचं मात्र काही सांगता येत नाही, त्यांच्यासाठी कायदा नाही!

आणि ती वही. वर्षभर झोप नाही, हे नियमावली लिहून बरं होणारं नाही. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे आधी जा. १४४१६ तुमच्यासाठीपण आहे बरं का, पहिला फोन तुम्हीच करून बघा, म्हणजे मेसवाल्या काकूंना सांगताना ‘मी केलाय’ असं म्हणता येईल.

चार लाख वर्षभर एफडीत टाका. मिस्टरांना ट्रस्टबद्दल काही विचारू नका, फक्त म्हणा की पुण्याला मेसवर जायचंय, येता का. आणि जमलं तर रस्त्यात कुठेतरी त्या रिचार्जचं सांगा. मला वाटतं, त्यांनाही बाईकबद्दल काहीतरी सांगायचं असेल.