मेंटॉरशिपला सिनियर तयार आहेत पण फर्स्ट इयरची मुलं नावच देत नाहीत, काय करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो की बडोद्यात तुमच्या कॉलेजात मेंटॉरशिप सुरू करताय, पोस्टर लावली, गूगल फॉर्मची लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली, सिनियर पटापट तयार झाले, आणि ज्यांच्यासाठी एवढं चाललंय ती एफवायची मुलं काही नाव देत नाहीत. मी पण बडोद्याचाच, सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिकलो, आणि आमच्या फॅकल्टीत काही वर्षं मित्रांबरोबर हेच काम केलंय, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहितो.

आधी हे बघा की फॉर्म भरतं कोण. ज्याचा मोठा भाऊ किंवा चुलत बहीण याच कॉलेजातून गेलीय, जो बडोद्यातल्याच इंग्लिश मिडियम शाळेतून आलाय, ज्याला सरांना जाऊन विचारायची भीती वाटत नाही, तो भरतो. त्याला मेंटॉर मिळाला तर छानच, नाही मिळाला तरी त्याचं काही अडत नाही. आणि जो छोटा उदेपूर किंवा दाहोदकडून आलाय, घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच, बारावीपर्यंत सगळं गुजरातीत शिकला आणि आता आपल्याकडे सगळं इंग्लिशमध्ये चालतं म्हणून पहिले दोन महिने वर्गात नुसता बसून असतो, तो ती लिंक उघडतसुद्धा नाही. त्याला वाटतं नाव दिलं तर वर्गात सगळ्यांना कळेल की हा कच्चा आहे. आपल्या डांडिया बाजारातली मराठी मुलं पण यातून सुटत नाहीत हं, घरी मराठी, शाळेत गुजराती आणि कॉलेजात एकदम इंग्लिश, तीही गप्पच बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेला दाखवायला, बहुतेक कॉलेजात एक मेंटॉर सर कागदावर नेमलेले असतातच, कित्येक ठिकाणी ते फक्त वहीत सही घेतात, मग मुलांना वाटतं हे पण तसलंच काहीतरी असणार.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पोस्टरवर आता अजून वेळ घालवू नका. माणसाने माणसाला जाऊन विचारायचं, तेही 'मेंटॉर हवाय का' असं नाही, कारण त्याला कोणीही 'नको, ठीक आहे' असंच म्हणणार. विचारायचं की स्कॉलरशिपचा फॉर्म भरलास का, प्रॅक्टिकलची जर्नल कशी लिहायची माहितीय का, इंटर्नलचे मार्क कसे धरतात ते कळलं का. यातलं एक तरी अडलेलं असतंच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मुलं कुठून मिळाली सांगू, तर स्कॉलरशिपच्या रांगेतून. डिजिटल गुजरातच्या पोर्टलवर फॉर्म भरायचे दिवस आले की ऑफिसच्या खिडकीसमोर मुलं दाखले हातात घेऊन उभी असतात, उत्पन्नाचा दाखला आहे तर जातीचा नाही, बँकेचं खातं आहे तर आधार जोडलेलं नाही, आणि खिडकीतून नुसतं 'उद्या ये' ऐकायला मिळतं. तिथे शेजारी एक बाक टाकून दोन सिनियर लॅपटॉप घेऊन बसवा. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचंच घ्या, बारावीला ८० पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत असेल तर ती मिळते एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण पुढच्या वर्षी रिन्यू करायला ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के मार्क लागतात हे पहिल्या वर्षी कोणी नीट सांगत नाही, आणि मग चांगली मुलं पैसे हातचे घालवतात, फार वाईट वाटतं बघून. फॉर्म भरून झाला की त्या सिनियरने एवढंच म्हणायचं, माझा नंबर घे, पुढच्या बुधवारी लंचमध्ये इथेच भेटू. झालं, तो तुमचा मेंटी झाला, गूगल फॉर्ममध्ये त्याचं नाव मागाहून तुम्हीच भरा, त्याला विचारून.

अपडाउन करणारी मुलं वेगळी धरा. आणंद, भरूच, गोध्रा, डभोईकडून पास काढून रोज ये-जा करणारे खूप असतात आणि त्यांचं सगळं लक्ष संध्याकाळच्या गाडीकडे असतं, तुम्ही पाच वाजता मिटिंग ठेवली की ही मुलं तिथेच गळाली, आणि नेमकी यांचीच कॉलेजात ओळख सगळ्यात कमी. यांना दोन लेक्चरच्या मधल्या वेळात भेटायचं, आणि शक्य असेल तर त्याच लाइनवर अपडाउन करणारा एसवायचा मुलगा मेंटॉर द्यायचा म्हणजे गाडीतच तासभर बोलणं होतं. हॉस्टेलचं पण तसंच, समरस या सरकारी हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना समरसमधलाच सिनियर आणू शकतो, आपण बाहेरून जाऊन कितीही गोड बोललो तरी त्याच्या तालुक्यातल्या पोराने 'चल रे' म्हटलेलं वेगळंच असतं. आणि वर्गात जाऊन अनाउन्समेंट करणार असाल तर गुजरातीत करा, इंग्लिशमध्ये नको, वर्गात आपोआप कान टवकारले जातात.

मुलींच्या बाबतीत घरच्यांचा प्रश्न येतो आणि तो हलक्यात घेऊ नका. मुलीला मुलगीच मेंटॉर, भेट कॅम्पसमध्येच आणि दिवसाउजेडी, आणि आई-बाबांना दाखवता येईल असं कॉलेजच्या लेटरहेडवरचं अर्ध्या पानाचं गुजराती पत्र, एवढं केलं की नाही म्हणणारे पालक बरेचसे हो म्हणतात. एखादीच्या आईला फोनवर बोलायचं असेल तर मॅडमनी बोलावं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता सिनियर. तुमच्याकडे भरपूर आहेत म्हणता पण त्यात टॉपर किती आहेत ते बघा. टॉपर वाईट नसतो, पण ज्याला पहिल्या सेमला एटीकेटी लागली होती आणि ज्याने ती सोडवली त्याच्याशी मुलं जास्त मोकळं बोलतात, अशांना स्वतः जाऊन विचारा, ते आपणहून नाव देत नाहीत. एका सिनियरकडे चार-पाच ज्युनियर पुरे. कबूल पण थोडंच करा, फक्त पहिली सेम, पंधरा दिवसांतून एक भेट. वर्षभराचं बंधन ऐकलं की दोन्हीकडचे बिचकतात.

वेळेचं सांगायचं तर ॲडमिशन झाल्यापासून गणपतीपर्यंत जेवढं जमेल तेवढं करून घ्या, नवरात्रात बडोद्यात कोणी कोणाचं ऐकत नाही आणि त्यानंतर लगेच परीक्षा नाहीतर दिवाळीची सुट्टी. हुकलंच तर पहिल्या इंटर्नलचे मार्क लागतात तो दिवस धरा, त्या दिवशी नोटीस बोर्डापाशी थांबा, जो मार्क बघून एकटाच बाजूला होतो त्याच्याशी जाऊन बोला, सगळ्यांसमोर नाही.

हे सगळं करायच्या आधी मात्र प्रिन्सिपल किंवा डीनची लेखी परवानगी घ्याच. रॅगिंगविरोधी यूजीसीचे २००९ चे नियम कडक आहेत, सिनियर ज्युनियरला वेगळं घेऊन बसलाय एवढ्यावरूनही तक्रार होऊ शकते, म्हणून एक प्राध्यापक जबाबदार म्हणून हवेत आणि भेटीची जागा सगळ्यांना दिसेल अशी हवी. परवानगी मागताना यूजीसीचा २०१९ चा दीक्षारंभ हा नव्या मुलांना कॉलेजात रुळवायचा कार्यक्रम दाखवा, नव्या मुलांना मेंटॉरिंग मिळावं हे त्यात आहेच, त्यामुळे सहसा कोणी अडवत नाही.

आणि मेंटॉरना पहिल्याच मिटिंगमध्ये हेही सांगा की आपण डॉक्टर नाही. कोणी ज्युनियर जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर ते गुपित ठेवायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच त्या प्राध्यापकांना कळवायचं आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून द्यायचा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. मिटिंगमधून उठायच्या आधी सगळ्यांच्या फोनमध्ये तो सेव्ह करून घ्या.