ऑस्टिओपॅथीच्या उपचारांतून रुग्णाने नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

तुमची कंबर दोन वर्षांपासून दुखते आहे, कोणीतरी ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे स्नायू आणि सांधे हाताने हाताळून उपचार करणाऱ्याकडे, जाण्याचा सल्ला दिला आहे, आणि तिथे काय करतात, ते दुखते का व त्याने दुखणे कायमचे जाते का, हे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. कंबरेच्या जुन्या दुखण्यासाठी दोन ऑस्टिओपॅथकडून उपचार घेतलेला आणि त्या निमित्ताने या विषयाचे बरेच वाचन केलेला रुग्ण आहे. हालचाल थोडी मोकळी होईल आणि दुखणे काही अंशी कमी होईल, एवढी अपेक्षा रास्त आहे. सरकलेले हाड जागेवर बसेल आणि प्रश्न मिटेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. पहिल्या उपचारकाने माझी तशीच समजूत करून दिली होती आणि ती मनातून जायला बराच काळ लागला.

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि तिचा मोठा भाग बोलण्यात जातो. दुखणे केव्हा सुरू झाले, ते सकाळी उठताना जास्त असते की दिवस कलल्यावर, खोकताना कळ येते का, ती पायात उतरते का, झोप कशी लागते, किती तास बसून काम करावे लागते, पूर्वी अपघात किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे विचारले जाते. लघवीवर ताबा आहे का, वजन विनाकारण घटले आहे का, ताप येतो का, असेही प्रश्न असतात आणि त्यांचा कंबरेशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. संकोचाने त्यांची अर्धवट उत्तरे देऊ नका. हाताने उपचार करण्याजोगे दुखणे कोणते आणि विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवण्याजोगे कोणते, हे बऱ्याच अंशी याच उत्तरांवरून ठरते. यातले काहीच न विचारता जो उपचारक थेट टेबलावर झोपायला सांगतो, त्याच्याकडून तसेच उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तपासणी होते. त्यासाठी दुखऱ्या भागावरचे, काही वेळा अंतर्वस्त्रांपर्यंतचे कपडे उतरवण्यास सांगितले जाऊ शकते. अवघड वाटत असेल तर तसे सांगावे, अंगावर घ्यायला चादर किंवा गाऊन मागावा, सोबत कोणाला तरी थांबवून घ्यावे. चांगला उपचारक हे स्वतःहून सुचवतो. तुम्ही कसे उभे राहता, वाकताना कुठे अडता, उताणे झोपून सरळ पाय उचलल्यावर कळ येते का, हे पाहिले जाते. गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकून मज्जातंतूंची प्रतिक्रियाही तपासतात. त्यानंतर पाठीवरून सावकाश बोटे फिरवून कुठला स्नायू ताठरला आहे, कुठला सांधा कमी हलतो आहे, याचा अंदाज घेतला जातो.

कंबरेसाठी गेलेल्या माणसाचा घोटा आणि खुबाही तपासतात, तेव्हा नवल वाटते. त्याचे मूळ या पद्धतीच्या विचारात आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी वैद्याने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. शरीर एकसंध आहे, त्याची रचना आणि त्याचे कार्य एकमेकांवर अवलंबून असतात आणि शरीरात स्वतःला बरे करण्याची शक्ती असते, ही त्यांची मुख्य सूत्रे होत. हाडे आणि सांधे हाताळून जवळजवळ सर्वच रोग हटवता येतील, हा त्यांचा विश्वास पुढे टिकला नाही. पण दुखणाऱ्या जागेच्या वरखालचे सांधे पाहण्याची शिस्त मला उपयोगाची वाटली.

प्रत्यक्ष उपचार बहुतेक वेळा सौम्य असतात. स्नायू दाबून ताणणे, सांधा लयीत पुढेमागे हलवणे, आणि मला सर्वांत मानवलेली पद्धत म्हणजे उपचारकाच्या हाताविरुद्ध आपण काही सेकंद हलका जोर लावायचा, मग अंग सैल सोडायचे, आणि त्या सैलपणाचा फायदा घेऊन तो सांधा थोडा पुढे नेतो. ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो झटका, म्हणजे अत्यंत कमी अंतराचा पण वेगवान दाब, हा यातला फक्त एक प्रकार आहे आणि तो नको असेल तर नको म्हणता येते. त्या वेळी होणारा ‘कट्’ आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवाचा दाब अचानक घटल्यामुळे त्यात वायूची पोकळी तयार होते, तिच्याशी त्या आवाजाचा संबंध आहे. आवाज न होताही सांधा मोकळा होऊ शकतो. मी मात्र सुरुवातीचे कित्येक आठवडे प्रत्येक भेटीचे यश त्या आवाजावर मोजत होतो.

टेबलावर असताना तीव्र वेदना होऊ नयेत. झाल्या तर लगेच सांगावे. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे, थकवा येणे किंवा किंचित डोके दुखणे सामान्य आहे. गंभीर दुष्परिणाम फार विरळ असले तरी ते होतात, आणि मानेला जोराचा झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणूनच मानेचा झटका मी स्वतः कधी घेतला नाही. हाडे ठिसूळ झालेली असणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा नुकताच मार लागलेला असणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेभोवती बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर ऑस्टिओपॅथची वेळ घेण्यात क्षणही न घालवता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

आता फरक किती पडतो ते सांगतो. फ्रान्समध्ये बऱ्याच काळाच्या कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे सहा भेटी झाल्या. निम्म्या रुग्णांना खरा उपचार मिळाला आणि उरलेल्यांना नुसता हलका स्पर्श. खरा उपचार घेतलेल्यांच्या रोजच्या हालचालींत थोडी अधिक सुधारणा दिसली, पण ती इतकी लहान होती की रुग्णाला तिचा कितपत उपयोग होईल याविषयी संशोधकांनीच शंका व्यक्त केली. आरोग्यसेवेबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेची २०१६ ची कंबरदुखीविषयक मार्गदर्शक तत्त्वेही हस्तोपचारांना मान्यता देतात, पण व्यायामाचा समावेश असलेल्या उपचारक्रमाचा भाग म्हणूनच. दमा, कानाचे विकार किंवा तान्ह्या बाळाचे रडणे याने बरे होते, किंवा कवटीची हाडे हळुवार हाताळून अनेक आजार जातात, अशा दाव्यांना विश्वासार्ह पुरावा नाही. तुम्हाला कोणी तसे आश्वासन दिले तर सावध व्हा.

पात्रतेची चौकशी अवश्य करा, कारण एकच शब्द वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. अमेरिकेत या शाखेची पदवी घेतलेले लोक पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात, औषधे देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये ते हाताने उपचार करणारे व्यावसायिक असतात आणि १९९३ च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. अनेक देशांत असा कायदाच नाही. तिथे शिक्षण कुठे आणि किती वर्षांचे झाले, हे तोंडावर विचारण्यात काहीही गैर नाही.

तीन-चार भेटींत काहीच फरक जाणवला नाही तर थांबून फेरविचार करावा. फरक मोजण्यासाठी अशी एक गोष्ट आधीच ठरवा जी आज तुम्हाला जमत नाही. माझ्यासाठी ती खाली वाकून बुटाची नाडी बांधणे ही होती. माझ्या पहिल्या उपचारकाने पहिल्याच दिवशी वीस भेटींचे पैसे आगाऊ मागितले होते आणि आवाजाच्या भरवशावर मी त्यातल्या बऱ्याच भेटी केल्या. दुसऱ्या बाईंनी आधीच सांगितले की हात जेवढे करतील त्याहून जास्त काम घरच्या व्यायामाला करायचे आहे, आणि दोन व्यायाम समोर करून घेतले. चौथ्या भेटीच्या सुमारास नाडी बांधता येऊ लागली. सहाव्या भेटीत त्यांनी स्वतःहूनच सांगितले की आता येण्याची गरज नाही, व्यायाम सोडू नका, पुन्हा उसण भरली तर फोन करा. कंबर अजूनही कधीमधी दुखते, विशेषतः फार वेळ बसले की, पण त्यानंतर मला तो फोन करावा लागलेला नाही.