बोटं वाचली, तरी चौकशी करायची का?

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये (धातू दाबून आकार देणाऱ्या मशीनचं वर्कशॉप) एका मुलाचा हातमोजा डायमध्ये, म्हणजे साच्यात, चिरडला, बोटं वाचली. हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक तारेनं बांधलेलं होतं. मालक म्हणतात, ‘निष्काळजीपणा’ लिहा आणि विषय मिटवा. सुपरवायझर म्हणून मी काय करू?

उत्तर : तो शब्द लिहू नका. सेफ्टी ऑफिसर म्हणून मी असे पुष्कळ कागद पाहिले. त्या शब्दापाशी चौकशी संपते आणि तार तशीच राहते. तार का बांधली? पीस अडकतो म्हणून, की तासाचं टार्गेट गाठायला? आधीच्या शिफ्टलाही होती का? तार सोडण्याआधी फोटो काढा. प्रेसची वीज तोडून, कुलूप लावून त्या मुलाला तिथंच विचारा, ‘दाखव बाळा, कसं झालं?’ मालकांसमोर नको. घाबरून तो काहीही कबूल करेल. मग मशीन सुधारा : एक बटण दाबलेलं राहिलं तर प्रेसचा स्ट्रोकच (दाब) पडणार नाही अशी वायरिंग, डायला गार्ड, पीस काढायला चिमटा.

मालकांना भोपाळची आठवण द्या : मोठ्या अपघाताआधी इशारा मिळालेला असतो. डिसेंबर १९८४ च्या तीन वर्षं आधी त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूनं एका कामगाराचा जीव घेतला होता.

आणि या चौकशीवरून पगार कापला जाणार नाही, असं मालकांकडून वदवून घ्या आणि त्या मुलाला आजच सांगा.